खोक्यावरचे वॉट आणि लाखाच्या वायरी : ध्वनियंत्रणेत पैसे नेमके कशाचे मोजायचे?

ओसरी (फोंडा), धागाकर्ता

नमस्कार. शाळेत पदार्थविज्ञान शिकवून मी निवृत्त झालो आणि संध्याकाळी घरच्या ओसरीवर बसून नाट्यसंगीत किंवा ख्याल ऐकणे हा आता माझा रोजचा क्रम आहे. या छंदाच्या बाजारात ग्राहकाला जे सांगितले जाते त्याविषयी बरीच वर्षे मनात साचले होते. यंदाच्या चवथीत एक प्रसंग घडला आणि ते लिहून काढायचे ठरवले.

शेजारच्या मुलाने चवथीसाठी नवी स्पीकरपेटी आणली होती. तिच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘4000 वॉट पीएमपीओ’ (पीक म्युझिक पॉवर आउटपुट, म्हणजे क्षणभराची कमाल शक्ती) असे छापलेले होते. तिसऱ्या दिवशी ती बंद पडली, म्हणून तो ती घेऊन माझ्याकडे आला. मागचे चार स्क्रू काढले तर आत काचेचा अर्ध्या अँपिअरचा फ्यूज उडालेला दिसला. फ्यूज बदलला आणि पेटी वाजू लागली. पण ती तशीच उघडी ठेवून मी त्या मुलाला शेजारी बसवले आणि आम्ही दोघांनी कागदावर हिशेब मांडला. आपल्याकडे वीज 230 व्होल्टची. अर्ध्या अँपिअरचा फ्यूज असेल तर पेटी भिंतीतून सुमारे 115 वॉटपेक्षा जास्त वीज सतत ओढूच शकत नाही. ट्रान्सफॉर्मरवर 12 व्होल्ट आणि 3 अँपिअर असे लिहिलेले, म्हणजे पुढे जाणारी वीज सगळी मिळून 36 वॉट. बोर्डावर 4440 क्रमांकाच्या दोन आयसी, म्हणजे अँप्लिफायरच्या चिप, होत्या. रेडिओ-टेप दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाला ही आयसी ठाऊक असते; ब्रिज पद्धतीने, म्हणजे तिचे दोन्ही भाग मिळून एकच स्पीकर चालवतील असे, जोडल्यास ती 19 वॉट देते, असे तिच्या सॅन्यो कंपनीच्या माहितीपत्रकातच नमूद आहे. दोन आयसींचे 38 वॉट झाले, आणि तेवढेही तो ट्रान्सफॉर्मर सतत पुरवू शकणार नाही, कारण अशा अँप्लिफायरमध्ये विजेचा बराच भाग उष्णता होऊन जातो. म्हणजे ती पेटी प्रामाणिकपणे 20 ते 25 वॉटची आहे.

यावर दुकानदाराचे उत्तर ठरलेले असते. पीएमपीओ हा क्षणभराचा आकडा आहे, कपॅसिटरमध्ये साठलेली वीज एका झटक्यात बाहेर पडते, असे तो सांगतो. तोही हिशेब आम्ही केला. आतला डीसी पुरवठा सुमारे 16 व्होल्टचा आणि स्पीकर 4 ओहमचा. 16 चा वर्ग 256, त्याला 4 ने भागले की 64 येतात. एका चॅनेलवर, कितीही सूक्ष्म क्षणासाठी, यापेक्षा जास्त वॉट निघणे शक्य नाही, कारण व्होल्टेजच तेवढे आहे. दोन्ही चॅनेलचे मिळून 128. चार हजार हा आकडा कोणत्या भागाकार-गुणाकाराने आला, हे त्या पेटीतली कोणतीही वस्तू सांगू शकत नाही. घरातल्या साध्या 6 अँपिअरच्या सॉकेटमधून जास्तीत जास्त 1380 वॉट मिळतात, एवढे जरी ग्राहकाने लक्षात ठेवले तरी निम्मी खोकी दुकानातच राहतील.

अमेरिकेत हाच प्रकार बोकाळला होता, तेव्हा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने 1974 साली नियम केला. घरगुती अँप्लिफायरची शक्ती जाहीर करताना ती सतत किती मिळते, किती ओहमच्या भारावर (म्हणजे स्पीकरवर), कोणत्या कंप्रतापट्ट्यात (किती हर्ट्झपासून किती हर्ट्झपर्यंत) आणि किती विकृतीसह (मूळ आवाजात किती बिघाड होऊन), हे सांगणे त्याने बंधनकारक केले. या चार गोष्टींशिवाय वॉटचा आकडा निरर्थक असतो, हे मला इथे आवर्जून सांगायचे आहे.

आता याच बाजाराचे दुसरे टोक. गेल्या वर्षी एका मोठ्या शहरातल्या दालनात मी अँप्लिफायर पाहायला गेलो होतो. तिथे मला भिंतीतून अँप्लिफायरपर्यंत वीज नेणारी दीड मीटरची वायर दाखवण्यात आली आणि तिची किंमत 85,000 रुपये सांगण्यात आली. या वायरीने ‘पार्श्वभूमी अधिक काळी होते’ आणि गायकाचा श्वास ऐकू येतो, असे तिथला विक्रेता अतिशय गंभीरपणे सांगत होता. वीज धरणापासून किंवा कोळशाच्या केंद्रापासून शेकडो किलोमीटर ॲल्युमिनियमच्या तारांतून येते, आमच्या वाड्यावरच्या खांबावरून उतरते, भिंतीतल्या साध्या स्वस्त वायरीतून सॉकेटपर्यंत पोहोचते आणि मग शेवटच्या दीड मीटरमध्ये तिचे शुद्धीकरण होते, हे मला पटले नाही. मी तसे विचारले तेव्हा ‘तुम्ही अजून ऐकायला शिकला नाहीत’ असे उत्तर मिळाले. ते वाक्य मला फार लागले. पन्नास वर्षे गाणे ऐकणाऱ्या माणसाला त्याच्या कानांविषयी न्यूनगंड देऊन वस्तू विकणे ही माझ्या मते खोक्यावर चार हजार वॉट छापण्यापेक्षाही अधिक गंभीर गोष्ट आहे.

आपले अनुभव वाचायला आवडतील. विरोधी मतही अवश्य मांडावे.

साउंडवाला (डिचोली)

मास्तर, तुम्ही धागा काढलात ते बरे केले. मी वीस वर्षे जत्रेतली नाटके, भजनी सप्ताह आणि शिगम्याचे कार्यक्रम यांना साउंड देतो. देवस्थान समितीची मंडळी माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न हमखास ‘किती हजार वॉट?’ असाच असतो. मी त्यांना सांगतो की वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो आणि तो फरक कानाला जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट मोठा वाटायला हवा असेल तर साधारण दहापट वॉट लागतात. उलट स्पीकरची संवेदनक्षमता, म्हणजे एका वॉटला एक मीटरवर तो किती डेसिबल देतो, हा आकडा कोणीच विचारत नाही. 87 डेसिबलचा घरगुती स्पीकर आणि 97 डेसिबलचा मंडपातला स्पीकर यांत दहापट वॉटचा फरक भरून निघतो. माझ्याकडचा जुना 97 चा डबा 100 वॉटवर जे काम करतो, त्यासाठी 87 च्या डब्याला 1000 वॉट द्यावे लागतील, आणि तेवढे दिल्यावर त्याची कॉइल जळून जाईल.

नाटकात शब्द मागच्या रांगेपर्यंत पोहोचला पाहिजे. तो वॉटने पोहोचत नाही. स्पीकर कुठे टांगला, त्याचे तोंड कुठे आहे आणि माइक नटापासून किती दूर आहे, यावर ते ठरते.

वायरीबद्दल एवढेच सांगेन की मंडपात 30-40 मीटर वायर टाकावी लागते आणि तिथे जाडीचा फरक खरोखर पडतो. बारीक वायर तापते आणि आवाज पडतो. आम्ही चांगली जाड तांब्याची वायर घेतो, पण ती हार्डवेअरच्या दुकानातून, मीटरने मोजून.

तानपुरा (मडगाव)

मला थोडे वेगळे मत मांडायचे आहे आणि ते कोणाला दुखावण्यासाठी नाही. माझ्याकडे स्पीकरच्या वायरीची तीन मीटरची जोडी आहे. तिची किंमत 1,10,000 रुपये होती आणि ती मी विचारपूर्वक घेतली. बदलल्यानंतर पहिल्याच रात्री तानपुऱ्याची जवारी, म्हणजे घोडीवर तारेखाली सरकवलेल्या दोऱ्यामुळे स्वराला येणारा झंकार, मला स्वच्छ वेगळी ऐकू आली. मी स्वतः तानपुरा लावतो, जवारीचा दोरा कुठे सरकवला की स्वर कसा उघडतो हे माझ्या बोटांना माहीत आहे. अशा माणसाला ‘तुला भास झाला’ असे सांगणे योग्य वाटत नाही. गाण्यात मोजता न येणारे पुष्कळ असते. दोन तानपुऱ्यांतला फरक तुमचा मल्टीमीटर सांगू शकेल का? मग दोन वायरींतला फरक त्याला सांगता येत नाही म्हणून तो नाहीच, हा निष्कर्ष घाईचा नाही का?

ओसरी

तानपुरा, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तुमच्या कानाविषयी मला आदर आहे. दोन तानपुऱ्यांतला फरक मात्र मोजता येतो. त्यांच्या स्वरांचे वर्णपट काढले तर कोणते उपस्वर किती उचलले गेले आहेत ते स्पष्ट दिसते, आणि जवारीने नेमके काय होते यावर सर सी. व्ही. रामन यांनी गेल्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकातच अभ्यास केला होता. मोजमाप संगीताचे सौंदर्य सांगू शकत नाही हे खरे. पण वायरीने सौंदर्य निर्माण करायचे नसते. एका टोकाला जे आले ते दुसऱ्या टोकाला तसेच पोहोचवणे एवढेच तिचे काम, आणि ते तिने किती केले हे निश्चित मोजता येते.

साधी 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. पाच मीटर लांबीला जाणारी आणि येणारी मिळून दहा मीटर होतात आणि तिचा रोध सुमारे 0.07 ओहम भरतो. 8 ओहमच्या स्पीकरसमोर तिने केलेली घट 0.08 डेसिबलहूनही कमी असते. तुमच्या तीन मीटरच्या जोडीच्या जागी ही वायर असती, तर घट याहूनही कमी झाली असती. साउंडवाला यांनी सांगितलेले 3 डेसिबल जेमतेम जाणवतात, मग एका डेसिबलचा दहावा हिस्साही न भरणाऱ्या या घटीचे काय?

आणखी एक गोष्ट मी तुमच्या विचारासाठी ठेवतो. वायर बदलताना आपण यंत्रणा बंद करतो, मागे जातो, जुनी टोके काढतो, गंज पुसला जातो, नवी घट्ट बसवतो. परत येऊन खुर्चीत बसतो ती जागा वीतभर सरकलेली असते, आणि आवाजाची कळ जिथे होती तिथेच असते असे नाही. दोन्हींपैकी एक अर्धा डेसिबल मोठा असेल तर तो ‘मोठा’ वाटत नाही, ‘अधिक उघडा’ वाटतो. शिवाय त्या रात्री आपण जवारी ऐकायचीच म्हणून ऐकत असतो, आणि लक्ष दिले की ती ऐकू येते. तुम्ही जे ऐकलेत ते खरोखरच ऐकलेत. त्याचे कारण वायर होती का, एवढाच प्रश्न आहे, आणि तो डोळे बांधून सोडवता येतो.

जुवारी (वास्को)

मी इलेक्ट्रॉनिक्सच्या क्षेत्रात काम करतो. डोळे बांधून करण्याच्या परीक्षेविषयी थोडी भर घालतो, कारण तिचे नाव सर्वत्र घेतले जाते पण ती नीट समजावून कोणी सांगत नाही.

एक उपकरण ‘अ’, दुसरे ‘ब’ आणि तिसऱ्या बटणावर ‘क्ष’, जे या दोहोंपैकी कोणते तरी एक असते पण कोणते ते ऐकणाऱ्याला माहीत नसते. त्याने ते ओळखायचे. डेव्हिड क्लार्क यांनी अशा तुलनेसाठी केलेल्या यंत्राविषयी 1982 साली लिहिले आणि तेव्हापासून ही पद्धत रूढ आहे. सोळा वेळा ओळखायला सांगितले तर निव्वळ अंदाजाने सरासरी आठ बरोबर येतात. बारा किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता अंदाजाने शंभरात चारांहून कमी आहे, म्हणून बारा आले तर फरक ऐकू येतो असे मानण्यास आधार मिळतो. दोन्हींचा आवाज मोजून 0.1 डेसिबलच्या आत जुळवणे ही यातली पहिली अट आहे. ती पाळली नाही तर बाकी सगळे व्यर्थ.

2007 साली मेयर आणि मोरन यांनी बोस्टनच्या ध्वनिरसिक मंडळींसोबत केलेली परीक्षा प्रसिद्ध झाली. उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण थेट ऐकवायचे, आणि मग तेच साध्या सीडीच्या 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झच्या साच्यातून काढून ऐकवायचे. एकूण 554 वेळा विचारले गेले आणि 276 उत्तरे बरोबर आली, म्हणजे जवळजवळ नाणेफेक. यावर टीकाही झाली आहे आणि ती वाचण्याजोगी आहे, पण ज्यांना ‘जमीन-अस्मानाचा फरक’ ऐकू येतो त्यांच्यासाठी हा निकाल विचार करायला लावणारा आहे.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांचे 1994 चे काम. तेच श्रोते आणि तेच स्पीकर, पण एकदा पडद्याआड आणि एकदा डोळ्यांसमोर. स्पीकर दिसू लागताच गुण बदलले. मोठे आणि महागडे वर गेले, आणि पडद्याआड बऱ्यापैकी ठरलेली लहान, स्वस्त यंत्रणा खाली आली. हे श्रोते ध्वनीच्याच व्यवसायातले होते. अपेक्षा प्रत्येकाच्या कानात शिरते, त्यात कमीपणा नाही.

दुसरी बाजूही नोंदवतो. सगळे अँप्लिफायर सारखेच, असे म्हणणे चूक आहे. व्हॉल्व्हच्या (जुन्या धाटणीच्या काचेच्या नळ्यांच्या) अनेक अँप्लिफायरचा अंतर्गत रोध इतका असतो की स्पीकरनुसार स्वराचा समतोल खरोखर बदलतो, आणि तो बदल मोजताही येतो. कमी शक्तीचा अँप्लिफायर जोरात वाजवला की लाटेचे शेंडे कापले जातात, तेही ऐकू येते. स्पीकरांतले फरक तर डोळे बांधूनही सहज ओळखू येतात. शंका घ्यायची ती सरसकट नव्हे.

मांडवीकाठी (पणजी)

इतक्या चर्चेत खोलीचा उल्लेख कोणीच कसा केला नाही, याचे मला आश्चर्य वाटले. आमच्या जुन्या घरात उंच कौलारू छप्पर होते, खाली शहाबादी फरशी आणि भिंतींना चुन्याचा गिलावा. छप्पर कौलांचे असल्यामुळे आवाज वरून थोडा निघून जाई आणि तिथे साध्या ट्रान्झिस्टरवरचे गाणेही सुखद वाटे. आता फ्लॅटमध्ये सहाही बाजूंना काँक्रीट आणि गुळगुळीत टाइल. तिथे टाळी वाजवली तर ती झणझणत परत येते. अशा खोलीत लाखाची वायर लावणे म्हणजे गळक्या घागरीला चांदीचे झाकण करणे आहे.

हार्वर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यानगृहात शब्द पाच सेकंदांहून अधिक काळ घुमत राहत आणि कोणालाच काही कळत नसे. 1895 मध्ये वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आले. त्याने जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, एकेक वाढवत घुमण्याचा काळ मोजला आणि उजाडण्यापूर्वी त्या परत नेऊन ठेवल्या. वास्तुध्वनिशास्त्राची सुरुवात अशी गाद्यांनी झाली. मीसुद्धा तेच केले. एका भिंतीला पुस्तकांचे कपाट, समोर जाड पडदा, जमिनीवर सोलापुरी सतरंजी आणि तिच्याखाली जुनी गोधडी. खर्च आठ हजारांच्या आत. ज्या दिवशी पडदा लावला त्या दिवशी माझ्या सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाल्या, ‘आज शब्द कळतात गो.’ त्यांना कोणी काही सांगितले नव्हते.

साउंडवाला

ताईंनी अगदी मुद्द्याचे सांगितले. गोव्यापुरते दोन मुद्दे जोडतो. पहिला अर्थिंगचा. आपल्या जांभ्या जमिनीत उन्हाळ्यात ओल राहत नाही आणि अर्थिंग कमजोर पडते. मग स्पीकरमधून घूंऽ असा आवाज येतो आणि लोक महागडी पॉवर वायर घ्यायला धावतात. आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, खड्ड्यात पाणी घाला, आणि सगळी यंत्रे एकाच सॉकेटपट्टीवर घ्या. दहांतल्या आठ घरी घूं तिथेच थांबते. दुसरा दमटपणाचा. जुन्या स्पीकरच्या वूफरभोवती, म्हणजे खालचे स्वर देणाऱ्या मोठ्या पडद्याभोवती, फोमची कडा असते. ती आपल्या हवेत काही वर्षांत भुगा होते आणि मग खालचे स्वर फाटतात. रबराची कडा असलेले स्पीकर घ्या. फोमची असेल तर कडा बदलून मिळते, पूर्ण स्पीकर टाकू नका.

तानपुरा

पंधरा दिवसांनी लिहितो आहे. मास्तर आणि जुवारी रविवारी माझ्या घरी आले होते. परीक्षा कशी झाली ते मीच सांगणे योग्य होईल.

माझी वायर आणि मास्तरांनी फोंड्याच्या हार्डवेअर दुकानातून आणलेली 2.5 चौरस मिलिमीटरची वायर. 100 हर्ट्झचा स्वर लावून स्पीकरच्या टोकांवर व्होल्टेज मोजले, दोन्हींना 2.83 व्होल्ट आले आणि तिसऱ्या दशांशापर्यंत फरक दिसला नाही. यंत्रणेसमोर चादर टांगली. माझा मुलगा मागे बसला. प्रत्येक वेळी तो नाणे उडवायचा, दोन्ही वायरींची टोके काढून पुन्हा लावायचा, म्हणजे बदल झाला की नाही हे त्याच्या खुडबुडीवरून कळू नये. जुवारी पुढच्या खोलीत होते, त्यांना नाणे दिसत नव्हते. गाणे मी निवडले होते, ज्यात सुरुवातीला दीड मिनिट फक्त तानपुरा आहे. घाई कोणी केली नाही, मध्ये चहा झाला.

पहिल्या चार वेळा मला खात्री होती. त्यांतले दोन बरोबर होते, हे नंतर कळले. सातव्या-आठव्या वेळेपर्यंत माझ्या लक्षात आले की मी जवारी ऐकत नसून स्वतःशी वाद घालतो आहे. सोळापैकी माझे नऊ बरोबर आले.

त्यानंतर मास्तरांच्या सांगण्यावरून आम्ही माझी खुर्ची मागच्या भिंतीपासून तीन फूट पुढे ओढली. माझी खोली साडेतीन मीटर लांब आहे. तेवढ्या अंतरात 49 हर्ट्झच्या आसपासचा स्वर फुगतो आणि भिंतीशी तो सर्वांत जास्त ऐकू येतो, असे त्यांनी समजावले. खुर्ची पुढे घेताच डग्ग्याचा घुमारा आवरला आणि तानपुरा त्याच्या मागून बाहेर आला. हा फरक मुलालाही कळला, पत्नीलाही कळला आणि त्यासाठी कोणाला नाणे उडवावे लागले नाही. इतकी वर्षे मी भिंतीला टेकून ऐकत होतो.

वायर मी विकणार नाही, कारण मला जे विकले गेले तेच सांगून दुसऱ्याला ती विकावी लागेल. माझ्या स्पीकरला फोमची कडा आहे आणि ती एका बाजूला चिरली आहे, हेही त्याच दिवशी दिसले. साउंडवाला, कडा बदलून देणारा चांगला कारागीर मडगावच्या बाजूला कोणी आहे का?

साउंडवाला

आहे. तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवतो. वूफरचा व्यास आतून आणि बाहेरून मोजून ठेवा आणि कडा निघेपर्यंत स्पीकर वाजवू नका.

ओसरी

तानपुरा यांनी हे इतक्या मोकळेपणाने लिहिले याबद्दल त्यांचे आभार. सोळापैकी तेरा आले असते तर मी तेही इथेच लिहिले असते आणि माझा हिशेब पुन्हा मांडायला बसलो असतो.

त्या संध्याकाळी निघण्यापूर्वी आम्ही सुरश्री केसरबाई केरकरांची भैरवी ऐकली. केरीची ही गायिका 78 फेऱ्यांच्या तबकडीवर साडेतीन मिनिटे गायली आणि तेच ध्वनिमुद्रण 1977 साली व्हॉयेजर या अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकडीत गेले. त्या मूळ तबकडीवर वरचे स्वर फारसे उमटलेले नाहीत, खरखर आहे, स्टीरिओ तर नाहीच. आम्ही चौघे काही वेळ बोललो नाही. तेव्हा स्पीकरला कोणती वायर जोडलेली होती, हे आम्हा कोणाच्याच लक्षात राहिले नव्हते. चादर काढून पाहिली तेव्हा ती हार्डवेअरच्या दुकानातली निघाली.